मुरमुऱ्याची वाळू

हर्डीकरबाईंचं टेबल गोधडीत गुंडाळून आलं,
गंगापूर रोडवरून, छोट्या टेम्पोतून.
अर्ध्या चंद्राचं. एरवी भिंतीला पाठ लावून उभं,
पत्ते मांडायचे म्हटले की वरचं पान उलगडून पूर्ण गोल.
बाई म्हणाल्या, अमेरिकेत लिलावात घेतलं,
दोनशे वर्षांचं आहे, जरा जपून.
म्हटलं, नाशिकरोडच्या छापखान्यात
एकतीस वर्षं नोटांच्या रेघा कोरल्यात मी, बाई.
जपण्याखेरीज दुसरं काही येत नाही.

वर महोगनी, मुरलेल्या गुळाच्या रंगाची.
त्यात फिकट पिवळ्या लाकडाचा शिंपला,
आणि कडेनं, सबंध कडेनं,
एक काळी एक पांढरी, केसाएवढी रेघ.
ती बघून मी खुर्ची ओढून बसलो.
डावीकडच्या लाटा हुबेहूब उजवीकडे:
एकाच ओंडक्याचे लगतचे दोन पापुद्रे
वही उघडावी तसे उघडून चिकटवलेले.
ते झाड कुठल्या बेटावर कुणी तोडलं,
त्याला काही मजुरी मिळाली का,
हे बाईंच्या कागदांत नव्हतं.

नझीर मिस्त्रीनं खालचं लाकूड नखानं टोकरलं.
'चीड आहे ही. खोक्याचं लाकूड!
वरून शालू, आतून गोणपाट.'
तो हसला.
मला हसू आलं नाही.
मी कागदाला किंमत चढवत म्हातारा झालो.

शिंपल्याच्या तीन पाकळ्या गळाल्या होत्या.
वखारीत हेदाचा तुकडा मिळाला, रंग जुळला,
करवतीनं पातळ काढला, पाकळ्याही कातल्या.
अडलं ते सावलीपाशी.
जुन्या पाकळ्यांच्या कडेला संध्याकाळ होती,
कुठे सुरू होते ते बोट ठेवून सांगता येईना.
आमच्याकडे सावलीसुद्धा रेघांचीच असते.
मी डाग दिला, स्पिरिटचा दिवा लावला, तापली सळई फिरवली.
दर वेळी नाटकातली मिशी.

विजूनं चिवड्यासाठी मुरमुरे आणायला पिटाळलं.
भद्रकालीमागच्या गल्लीत मथुरामावशी परदेशींची भट्टी.
काळी कढई, काळी वाळू,
तांदूळ पडतात आणि पांढरे होऊन उड्या मारतात.
चाळणीत एक दाणा राहिला होता न फुललेला,
एका अंगानं तपकिरी, पुढे बदामी, पुढे काहीच नाही.
मी तो उचलून खिशात टाकला.
मुरमुरे तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी पाकळ्या आणि चिमटा घेऊन गेलो.
'लाकूड भाजून खाणार का, दादा?'
मावशीनं कढईची कड मोकळी करून दिली.
पहिल्या पाकळीचा कोळसा.
दुसरीला मावशीच म्हणाल्या, आता. काढा.
त्या मोजत नव्हत्या काही,
नाकानं सांगत होत्या.
तिसरी, चौथी, पाचवी.
कड मधासारखी, टोक चहाच्या चोथ्यासारखं,
आणि मधे कुठेही रेघ नाही.
पैसे घेतले नाहीत. दोन किलो मुरमुरे मात्र घ्यायला लावले.

सैल झालेला एक जुना तुकडा उपसला
तर पाठीवर पेन्सिलीचा एक आकडा
आणि पुढे गिचमीड, बहुधा नाव.
सरस उकळत होता.
मला सहीची सवय नाही,
आमच्या कामावर सही दुसऱ्याची असायची.
नव्या पाकळीमागे मी लिहिलं: विस्पुते, नाशिक.
पाहिलं. जागा उरली होती.
खाली लिहिलं: मथुराबाई, वाळू.
मग सरस लावला आणि वर वजन ठेवलं,
विजूचा पाटा.

बाईंना नवं कुठलं ते ओळखता आलं नाही.
पैसे मोजून दिले, करकरीत.
सवयीनं मी एक नोट खिडकीकडे धरली.
रेघा ठीक होत्या.
कुणाच्या, ते विचारायला
तिथे आता ओळखीचं कुणी राहिलेलं नाही.